तिकीट न काढता लागलेली लॉटरी : एका फसवणुकीचा प्रकरण अभ्यास

सोमवारी दुपारी काकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तीन गोष्टी पाठोपाठ येऊन पडल्या : एक चित्र, मिनिटभराचा आवाजी संदेश आणि एक फोन नंबर. चित्रात वर ‘कौन बनेगा करोडपती’चं बोधचिन्ह होतं, बाजूला अमिताभ बच्चन आणि पंतप्रधानांचे फोटो, खाली दोन गोल शिक्के, एक बारकोड आणि मधोमध ठळक आकडा, २५,००,०००. आवाजी संदेशातला माणूस स्वच्छ हिंदीत सांगत होता की देशभरातल्या सिमकार्डांच्या नंबरांचा लकी ड्रॉ झाला आणि त्यात तुमचा नंबर निघाला. आता खाली दिलेल्या नंबरवर बँकेच्या मॅनेजरशी बोला. साधा फोन मात्र करू नका, व्हॉट्सअ‍ॅपवरूनच कॉल करा.

काका एसटीतून निवृत्त झालेले वाहक. तालुक्याच्या गावी स्वतःचं घर, पेन्शन बेताची, निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांची बँकेत मुदत ठेव. मुलगी लग्न होऊन शेजारच्या जिल्ह्यात. ओळख पटू नये म्हणून नाव-गाव गाळलं आहे, रकमा आणि वार बदलले आहेत, आणि एकाच वळणाच्या दुसऱ्या तक्रारींतले काही तपशील यात मिसळले आहेत. घटनांचा क्रम मात्र बदललेला नाही, कारण या प्रकरणातून शिकण्यासारखं जे आहे ते त्या क्रमातच आहे. तक्रारीचे कागद लावताना मी काकांसोबत बसलो होतो, तेव्हा तो क्रम समोर आला.

अकरा दिवसांत काकांचे २,०८,००० रुपये गेले. अशी बातमी कळली की लोक पहिल्यांदा म्हणतात, “हाव नडली.” कागद तारखेप्रमाणे लावल्यावर मला वेगळं दिसलं. पंचवीस लाखांच्या ओढीने काकांनी भरले ते साडेबारा हजार. त्यानंतरचे १,९५,५०० रुपये त्यांनी भरले ते आधीचे बुडू नयेत म्हणून. बक्षिसाचा विचार तिसऱ्या हप्त्यापासून त्यांच्या बोलण्यात जवळजवळ येतच नाही. “निदान माझे तरी परत द्या” हे वाक्य त्यांच्या चॅटमध्ये पुन्हा पुन्हा आहे. म्हणून ही फसवणूक ओळखायची तर पहिला रुपया जाण्याआधी ओळखावी लागते. नंतर माणसाचं डोकं दुसऱ्याच हिशेबात अडकतं.

पहिला कॉल

काकांनी लगेच फोन लावला नाही. चित्र दोनदा मोठं करून पाहिलं. त्यात त्यांचं नाव कुठेच नव्हतं, ‘प्रिय ग्राहक’ एवढंच. नंबर +९२ ने सुरू होत होता. आपल्या देशाचा संकेतांक ९१, पाकिस्तानचा ९२. केबीसीच्या नावाने येणारे हे संदेश बऱ्याचदा +९२ च्या नंबरांवरून येतात, असा इशारा पोलिसांनी काही वर्षांपूर्वीच दिला होता. काकांना तो माहीत नव्हता. त्यांना वाटलं, मोठ्या ऑफिसचा नंबर असेल, म्हणून वेगळा दिसतो. इथे एक सावधगिरी : नंबर +९१ चा असला म्हणजे माणूस खरा, असं अजिबात नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं सुरू करायला त्या नंबरवर एकदा आलेला ओटीपी पुरतो. नंबर एका देशाचा आणि बोलणारा दुसऱ्याच ठिकाणी, हे अगदी सहज जमतं.

‘साधा कॉल करू नका’ ही सूचना याच कारणासाठी असते. काकांनी साधा फोन लावला असता तर तो आंतरराष्ट्रीय कॉल ठरला असता. त्यांच्या रिचार्जवर तो लागलाच नसता, किंवा लागून बरेच पैसे तुटले असते. दोन्ही वेळा त्यांना शंका आली असती. इंटरनेटवरच्या कॉलला ही अडचण नाही.

संध्याकाळी त्यांनी कॉल केला. समोरच्याने अभिनंदन केलं, ‘सर जी’ म्हणून बोलला आणि पैशांचा विषय न काढता आधी चौकशी केली. वय काय, नोकरी कुठे होती, कोणत्या बँकेत खातं, घरात कोण कोण असतं. मग एक प्रश्न असा होता की तो मी काकांना दोनदा सांगायला लावला : “मोबाइल का काम घर में कौन देखता है?” काका म्हणाले, “मीच बघतो, मुलगी आली की ती बघते.” इथे त्या माणसाला हवं ते मिळालं. घरात रोज डोकावणारं कुणी नाही, बँकेत ठेव आहे, माणूस एकटा निर्णय घेतो. आपल्याला वाटतं की फसवणारे ओटीपी विचारतात तेव्हा धोका सुरू होतो. माझ्या मते तो इथे, या गोड चौकशीतच सुरू होतो.

खरा केबीसी हा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम आहे. तिथे जायचं तर नोंदणी करावी लागते, प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात, निवडीच्या फेऱ्या असतात. सिमकार्डाच्या नंबरांची सोडत त्यात नाही. आणि लॉटरी म्हणाल तर आपल्याकडे ती कोणालाही काढता येत नाही. १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्याप्रमाणे लॉटरी चालवायचा अधिकार राज्य सरकारांना आहे. तिकीट राज्य सरकारने छापलेलं असावं लागतं, सोडतही सरकारनेच काढावी लागते. काही राज्यांनी लॉटरीला मुळीच परवानगी दिलेली नाही. महाराष्ट्राची स्वतःची राज्य लॉटरी १९६९ पासून आहे. तिथलं बक्षीस मागायला मूळ कागदी तिकीट हातात लागतं, नंबर पाठ असून चालत नाही.

काकांनी उभी नोकरी तिकिटावर केली. बिनतिकीट प्रवाशाची कोणतीही सबब त्यांनी ऐकून घेतली नाही. तक्रार लिहिताना मी विचारलं, “काका, तुम्ही तिकीट कधी घेतलं होतं?” ते थांबले, मग म्हणाले, “हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण ते म्हणाले सिमकार्डच तिकीट आहे.” फसवणाऱ्याने प्रश्न पडायच्या आधीच त्याचं उत्तर देऊन ठेवलं होतं. या लोकांचं कसब खोटं पत्र करण्यापेक्षा यात जास्त आहे.

पैसे कोणाच्या नावावर गेले

मंगळवारी सकाळी ‘फाइल चार्ज’ म्हणून १२,५०० रुपये मागितले. बक्षिसासोबत परत मिळतील, असं सांगितलं. काकांनी यूपीआयवरून भरले. यूपीआयमध्ये पिन टाकायच्या आधी पैसे घेणाऱ्याचं नाव पडद्यावर येतं. काकांच्या पडद्यावर एका बाईचं नाव आलं. त्यांनी ते वाचलं, थांबले, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलंसुद्धा. उत्तर आलं, “वो हमारी कॅशियर मॅडम हैं, सर जी.”

माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा क्षण हा. शंका बरोबर आली, बरोबर ठिकाणी आली, आणि तिचं निरसन त्याच माणसाकडून करून घेतलं ज्याच्याबद्दल ती होती. कोणत्याही कंपनीचे, बँकेचे, सरकारी खात्याचे पैसे कर्मचाऱ्याच्या बचत खात्यात जमा होत नाहीत. नाव वाचून खटकलं, तर विचारायचं त्रयस्थाला : बँकेतल्या माणसाला, मुलीला, शेजाऱ्याला. पैसे मागणाऱ्याला नाही.

ते खातं त्या बाईचं असेल, पण पैसे तिच्याकडे राहिले असतील असं नाही. अशी खाती भाड्याने घेतलेली असतात. कुणी थोड्या पैशांसाठी आपलं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम देऊन टाकतो. कुणाच्या कागदपत्रांवर त्याला न कळत खातं निघालेलं असतं. काकांचे पाचही हप्ते पाच वेगळ्या नावांवर गेले, वेगवेगळ्या राज्यांतल्या शाखांमध्ये. पहिलं नाव नजरेतून निसटलं तरी दुसऱ्या हप्त्याला दुसरं नाव का, एवढं विचारायला वाव होता.

साडेबारा हजार गेल्यावर तासाभरात एका धनादेशाचा फोटो आला. त्यावर काकांचं पूर्ण नाव, पासबुकावर आहे अगदी तसं, मधल्या नावासकट. काकांना हा मोठा पुरावा वाटला. ते नाव त्यांनीच सकाळी पासबुकाचा फोटो पाठवून दिलं होतं.

जीएसटी, आयकर, रिझर्व्ह बँक

पुढचे तीन हप्ते सरकारच्या नावाने मागितले गेले. बुधवारी जीएसटीचे २५,०००. शुक्रवारी आयकराचे ४८,०००. पुढच्या मंगळवारी रिझर्व्ह बँकेच्या ‘क्लिअरन्स’चे ८५,०००. प्रत्येक वेळी एक पत्र यायचं, त्यावर राजमुद्रा, खाली सही. प्रत्येक वेळी सांगितलं जायचं की हे शेवटचं.

हे तिन्ही खोटे कसे, ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण प्रत्येकात खऱ्याचा एक कण आहे आणि त्यामुळेच ते पटतात.

लॉटरीवर जीएसटी असतो हे खरं. पण तो तिकिटाच्या विक्रीवर असतो. बक्षीस मिळणाऱ्याने बक्षिसाच्या रकमेवर जीएसटी भरायचा, असा प्रकार नाही.

लॉटरीच्या बक्षिसावर ३० टक्के आयकर लागतो, हेही खरं. तो वर अधिभार-उपकर धरून थोडा जास्तच होतो. पण दहा हजारांपेक्षा मोठं रोख बक्षीस असेल तर हा कर बक्षीस देणाऱ्यानेच कापून सरकारकडे भरायचा असतो. जिंकणाऱ्याच्या हातात उरलेली रक्कम येते. पंचवीस लाख खरोखर लागले असते, तर काकांना कमी रक्कम मिळाली असती, पण खिशातून आधी एक रुपयाही काढावा लागला नसता. हा नियम तोंडपाठ असावा : मिळायच्या पैशांतून कर वजा होतो, ते पैसे मिळवण्यासाठी तो आधी भरावा लागत नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो मी मुद्दाम सांगतो, कारण लबाडांना तो माहीत असतो. बक्षीस रोख नसून वस्तू असेल, समजा मोटार, तर त्यातून कर कापणार कसा? म्हणून कायद्यात अशी तरतूद आहे की कर भरला गेल्याची खात्री झाल्याशिवाय देणाऱ्याने वस्तू सोडायची नाही. त्यामुळे ‘गाडी लागली, आधी कर भरा’ हे ऐकायला अगदी कायदेशीर वाटतं. पोस्टाने येणाऱ्या खरवडायच्या कार्डांची फसवणूक याच्यावरच चालते. पण तेव्हासुद्धा कर सरकारकडे जातो, पॅन क्रमांकावर, चलनाने, आणि तो भरल्याची नोंद आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपली आपल्याला दिसते. एखाद्याच्या बचत खात्यात यूपीआयने गेलेला पैसा कर असू शकत नाही.

रिझर्व्ह बँकेचं तर अगदीच सरळ. ती सर्वसामान्य माणसाचं बचत खातं उघडत नाही, कुणाच्या बक्षिसाचे पैसे धरून ठेवत नाही, आणि ते सोडायला शुल्क मागत नाही. तिच्या नावाने येणाऱ्या अशा पत्रांबद्दल तिने स्वतः अनेकदा लोकांना सावध केलं आहे. आणि परदेशी लॉटरीचा ईमेल आला असेल, तर आणखी एक अडसर आहे : लॉटरीचं तिकीट घेण्यासाठी किंवा अशा सोडतीत भाग घेण्यासाठी भारतातून परदेशी पैसे पाठवायला परकीय चलनाच्या नियमांखाली बंदीच आहे.

बँकेच्या काउंटरवर

८५,००० रुपयांसाठी काकांनी मुदत ठेव मोडली. एवढी रक्कम यूपीआयने न पाठवता बँकेतून पाठवायला ‘मॅनेजर’ने सांगितलं, आणि सोबत हेही पढवलं की बँकेत विचारलं तर भाच्याच्या घराच्या कामासाठी म्हणून सांगा, लॉटरीचं नाव काढलंत तर बँकवाले आपली टक्केवारी मागतील. काउंटरवरच्या मुलीने खरंच विचारलं, “काका, एवढे कोणाला पाठवताय? ओळखीचे आहेत ना?” काकांनी पढवलेलं उत्तर दिलं. ती मुलगी पुन्हा म्हणाली, “ठेव मोडल्यावर व्याज कमी मिळेल, थोडं थांबता आलं तर बघा.” काकांनी अर्जावर सही केली.

त्या मुलीने आपलं काम केलं. तिच्या हातात त्याहून जास्त काही नव्हतं. पण ज्या व्यवहारासाठी स्वतःच्या बँकेशी खोटं बोलावं लागतं, तो व्यवहार सरळ असूच शकत नाही, हे काकांसारख्या सरळ माणसाला एरवी कुणी सांगावं लागलं नसतं. तोपर्यंत पंच्याऐंशी हजारांहून जास्त आधीच अडकले होते. “थांबलो असतो तर ते गेलेच असते ना,” असं ते मला म्हणाले.

गुप्ततेची अट पहिल्या दिवसापासून होती. कुणाला सांगू नका, दुसरा कुणी दावा लावेल, बक्षीस रद्द होईल. मुलीला अचानक आनंद देण्याची कल्पनाही त्याच माणसाने काकांच्या मनात भरली. मला विचाराल तर अशी फसवणूक ओळखायची सगळ्यात भरवशाची खूण ही आहे. अशुद्ध भाषा, बेढब शिक्के, परदेशी नंबर या खुणा जुन्या होत चालल्या आहेत. आता पत्रं शुद्ध मराठीत तयार होतात, आवाज हुबेहूब काढता येतात, नंबर इथलेच असतात. पण ‘कुणाला सांगू नका’ ही अट त्यांना कधीच सोडता येणार नाही. दुसऱ्या माणसाच्या कानावर गोष्ट गेली की ती पाच मिनिटांत कोसळते. खरी सोडत उलट जाहीर असते. तिचे निकाल छापून येतात.

पाचवा हप्ता आणि एक अनोळखी जमा

पुढच्या गुरुवारी ‘विम्या’चे ३७,५०० मागितले. काकांकडे आता सुटे पैसे नव्हते. त्यांनी डेपोतल्या जुन्या मित्राकडून उसने घेतले, दवाखान्याचं कारण सांगून. मला हा हप्ता सगळ्यात जास्त लागला, कारण उसने घेऊन खोटं बोलल्यावर परतीचा रस्ताच त्यांनी स्वतःसाठी बंद केला होता. आता खरं सांगायचं तर मित्रालाही सांगावं लागणार होतं.

पैसे पूर्ण संपले, हे काकांनी त्या माणसाला स्पष्ट सांगितलं. त्यावर तो रागावला नाही. म्हणाला, मी तुम्हाला मदत करतो. तुमच्या खात्यात आमच्याकडून ४०,००० येतील, त्यातले ४,००० तुम्ही ठेवा, ३६,००० मी सांगतो त्या खात्यात पाठवा, मग तुमची फाइल पुढे सरकेल. शुक्रवारी दुपारी खरोखरच ४०,००० जमा झाले. काकांना पहिल्यांदा वाटलं की अरे, हे लोक खरे आहेत, पैसे पाठवतात.

ते पैसे दुसऱ्या राज्यातल्या एका माणसाचे होते, आणि तोही असाच फसलेला होता. काकांनी ३६,००० पुढे पाठवले असते, तर कागदोपत्री ते फसवणाऱ्यांच्या साखळीतलं एक खातेदार झाले असते. ज्याचे पैसे गेले त्याच्या तक्रारीत आरोपीच्या जागी काकांचं नाव आलं असतं. ‘भाड्याची खाती’ कशी तयार होतात, याचं हे एक दार आहे. माणूस आधी लुटला जातो आणि मग, काही परत मिळेल या आशेने, वापरला जातो.

योगायोगाने त्या दुपारी मुलगी घरी आली होती. बँकेचा जमेचा एसएमएस तिने पाहिला. “बाबा, हे चाळीस हजार कुठून आले?” काकांनी आधी टाळलं, मग सगळं सांगितलं. ती रागावली असेल, पण तिने तो राग त्या वेळी बाजूला ठेवला. तिने एवढंच विचारलं, “शेवटचे पैसे कधी पाठवले?” काल दुपारी, हे कळताच तिने फोन हातात घेतला आणि १९३० लावला. अशा वेळी घरात पहिला तास बोलण्यात आणि रडण्यात जातो. तो तास तिने वाचवला.

१९३० वर काय होतं

हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठी देशभराचा मदत क्रमांक आहे. तिथे कहाणी सांगायची नसते, आकडे द्यायचे असतात : किती रुपये, कोणत्या तारखेला किती वाजता, कोणत्या खात्यातून, आणि प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. यूपीआय अ‍ॅपच्या इतिहासात प्रत्येक व्यवहारापुढे बारा अंकी क्रमांक असतो. बँकेतून केलेल्या हस्तांतराचा क्रमांक पावतीवर किंवा खात्याच्या उताऱ्यात मिळतो. मुलीने चार यूपीआयचे क्रमांक काढले, पाचवा बँकेच्या पावतीवरून वाचून दाखवला. नोंद झाल्यावर पावती क्रमांक आला. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर पूर्ण तक्रार, चॅटचे स्क्रीनशॉट, पत्रांची चित्रं, नंबर.

ही माहिती त्या यंत्रणेतून ज्या बँकेत पैसे गेले तिथे जाते. तिथे पैसे शिल्लक असतील तर ते रोखून धरले जातात. पुढच्या बँकेत सरकले असतील तर माहिती तिकडे जाते. फसवणारे पैसे एका खात्यात ठेवत नाहीत, काही तासांत तीन-चार खाती फिरवून एटीएममधून काढतात. म्हणून आदल्या दिवशीच्या ३७,५०० पैकी २२,३०० सापडले आणि थांबले. आधीच्या चारही हप्त्यांची खाती कधीच रिकामी झाली होती. काकांनी दुसऱ्या हप्त्याला, बुधवारीच कुणाला सांगितलं असतं तर हा आकडा कितीतरी वेगळा दिसला असता.

काकांना ते चॅट पुसून टाकायचं होतं. बघवत नव्हतं त्यांना. पहिला आवाजी संदेश त्यांनी पुसलाही होता. उरलेलं मुलीने वाचवलं. घरात असं काही घडलं तर चॅट पुसू नये, नंबर ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्यावेत, नंबर पूर्ण दिसेल असे.

४०,००० बद्दल त्यांनी दुसऱ्या दिवशी बँकेत लेखी अर्ज दिला की ही रक्कम आमची नाही, आम्ही ती पुढे पाठवलेली नाही, रोखून ठेवावी. तो अर्ज फार उपयोगी पडला. काही दिवसांत त्या दुसऱ्या माणसाच्या तक्रारीवरून काकांच्या खात्यातली तेवढी रक्कम गोठवलीच गेली, पण काकांची बाजू आधीपासून कागदावर होती.

पोलीस ठाण्यात गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ आणि ३१९ खाली, म्हणजे फसवणूक आणि तोतयेगिरी करून फसवणूक, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली नोंदवला गेला. बँक नुकसान भरून देईल का, हा काकांचा प्रश्न होता. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला मोठं संरक्षण दिलं होतं, पण ते ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना. स्वतः पिन टाकून किंवा स्वतः सही करून पाठवलेले पैसे त्यात बसत नव्हते. हे काकांना सांगणं जड गेलं, तरी खोटी आशा ठेवण्यापेक्षा ते बरं होतं.

गेलेली कागदपत्रं

पैशांच्या गडबडीत एक गोष्ट सगळेच विसरले होते. काकांनी आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान आणि स्वतःचा फोटो पाठवला होता. एवढ्यावर कुणी कर्जाचा अर्ज करू शकतो, सिम घेऊ शकतो. म्हणून त्यांचं आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांच्या ठशांनी ओळख पटवण्याची सोय, लॉक केलं. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते पाहता येतं. तिथे काकांच्या नावावर एक अनोळखी जोडणी दिसली, ती ‘माझी नाही’ म्हणून कळवली. आपल्या नावावर कोणती कर्जं आहेत ते दाखवणारा अहवालही (क्रेडिट रिपोर्ट) मागवून पाहिला, त्यात काही अनोळखी नव्हतं. तो पुढचे काही महिने अधूनमधून पाहायचा असं ठरलं.

‘सायबर सेल’चा फोन

तक्रारीनंतर काही आठवड्यांनी काकांना फोन आला. माणूस या वेळी मराठी बोलत होता. म्हणाला, सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे दोन लाख आठ हजार सापडले आहेत, आरोपीचं खातं गोठवलं आहे. रक्कम सोडवायला न्यायालयाचं शुल्क ६,८०० भरावं लागेल. त्याला रक्कम अचूक माहीत होती, तारखाही माहीत होत्या. म्हणून काका डळमळले.

ही माहिती त्याच्याकडे पोलिसांकडून आलेली असण्याची गरज नाही. जी टोळी फसवते तिच्याकडे हिशेब असतोच. एकदा पैसे दिलेल्या माणसाचं नाव पुन्हा वापरलं जातं, विकलं जातं. पहिल्या फसवणुकीत आशा बक्षिसाची असते. दुसऱ्यात ती न्यायाची असते, आणि ती जास्त घट्ट पकडते. पोलीस पैसे परत देण्यासाठी फोनवर शुल्क मागत नाहीत. रोखलेली रक्कम बऱ्याचदा न्यायालयाच्या आदेशाने परत मिळते, तेव्हा त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तिथलं जे काही शुल्क असेल ते न्यायालयातच भरून पावती मिळते.

काकांनी या वेळी मुलीला फोन केला. तिने सांगितल्याप्रमाणे त्या माणसाला म्हणाले, “साहेब, तुमचं नाव आणि ठाणं सांगा, मी उद्या तिथे येऊन भरतो.” फोन बंद झाला. तो नंबर त्यांनी संचार साथीवरच्या ‘चक्षू’मध्ये नोंदवला. संशयास्पद फोन आणि संदेश कळवायची सोय तिथे आहे, पैसे गेले नसतील तरीही.

सध्या काकांच्या यूपीआयची रोजची मर्यादा त्यांनीच पाच हजारांवर आणून ठेवली आहे. नवीन नावावर पैसे जायचे असतील तर आधी मुलीशी बोलायचं, असं ठरलं आहे, आणि मुलीनेही तिच्या मोठ्या व्यवहारांबद्दल त्यांना सांगायचं. ही अट दोघांवर सारखी असावी, हा आग्रह तिचा होता. डेपोतल्या मित्राला काकांनी स्वतः जाऊन खरं सांगितलं. तो म्हणाला की मलाही गेल्या वर्षी तेच चित्र आलं होतं, पण लाज वाटली म्हणून कुणाला दाखवलं नाही. त्याने पैसे भरले नव्हते.

रोखलेले २२,३०० न्यायालयाच्या आदेशानंतर काकांच्या खात्यात आले. त्यांनी ते मित्राच्या उसनवारीत दिले, उरलेले पेन्शनमधून फेडत आहेत. आणि त्यांच्या खात्यात थांबलेले ते चाळीस हजार पोलिसांच्या पत्रानंतर ज्याचे होते त्याला परत गेले.